धरण सुरक्षित, घरांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना परिसरात धक्का बसला की दुसऱ्या दिवशी बातमी येते ती ठरलेल्या साच्यात. वेळ, रिश्टरचा आकडा, हेळवाकपासूनचे अंतर, ‘कोठेही हानी नाही’ आणि शेवटी ‘धरण सुरक्षित’. आपल्याच नव्हे, सातारा-सांगलीच्या सगळ्याच पत्रांत हाच मजकूर असतो, आणि त्यात खोटे काही नसते. आमचे म्हणणे एवढेच की या भूकंपांवर गेली सहा दशके जगातले नावाजलेले संशोधन आपल्याच जिल्ह्यात चालले आहे, त्यातून वाचकाच्या हाती लागण्यासारखे बरेच निघाले आहे, आणि बातमीत त्यातले काहीच येत नाही. धरणावर उपकरणे आहेत, अभियंते आहेत, त्याचे मजबुतीकरण झालेले आहे. पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतल्या दगड-मातीच्या घरांकडे मात्र कोणी फिरकत नाही, आणि माणूस दगावतो तो तिथे.

आधी आकड्यांबद्दल. एका पत्रात 3.1 आणि दुसऱ्यात 3.4 छापून आले की लोक म्हणतात, कोणीतरी लपवतेय. तसे काही नसते. राज्याच्या जलसंपदा विभागाची स्वतःची भूकंपमापन केंद्रे आहेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे जाळे वेगळे आहे. केंद्रे वेगळी, सूत्र वेगळे, म्हणून दोन-तीन दशांशांचा फरक पडतोच. बातमीत आकड्यापुढे तो कोणत्या संस्थेने दिला हे लिहिले तरी निम्मा गोंधळ मिटेल. खोलीचेही तसेच. ‘खोली 9 किमी’ असे छापतात तेव्हा त्यात किलोमीटर-दोन किलोमीटर इकडेतिकडे धरायचे असते. जवळ केंद्रे कमी असतील तर चूक याहून मोठी. अंतर ‘13.6 किमी’ असे दशांशात लिहिण्याला तर फारसा अर्थ नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की इथले बहुतेक सगळे भूकंप जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतच होतात. इतके उथळ असल्यामुळेच तीनच्या आतला धक्काही कोयनानगरला भांडी वाजवतो, आणि हादऱ्याच्या आधी किंवा सोबत गडगडाट ऐकू येतो.

दुसरा समज चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडीही असतो: लहान धक्के बसतात ते बरेच, ताण निघून जातो, मोठा टळतो. हिशेब करून पाहावा. क्षमता, म्हणजे हाच रिश्टरचा आकडा, एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. 11 डिसेंबर 1967चा भूकंप 6.3 क्षमतेचा होता. तेवढी ऊर्जा तीन क्षमतेच्या धक्क्यांतून निघायची तर नव्वद हजारांच्या घरात धक्के लागतील. चार क्षमतेचे धरले तर 2,800, पाचचे धरले तर नव्वदएक. गेल्या सहा दशकांत कोयना-वारणा पट्ट्यात पाच किंवा त्याहून मोठे भूकंप वीसहून थोडे जास्त झाले आणि चारच्या पुढचे दोनशेहून जास्त. म्हणजे हे सगळे एकत्र केले तरी एका 6.3ची बरोबरी होत नाही. लहान धक्क्यांनी मोठा टळत नाही. ते फक्त एवढेच सांगतात की खालचे भ्रंश, म्हणजे खडक ज्यांवरून सरकतात त्या मोठ्या भेगा, अजून जागे आहेत. ‘लोकांनी घाबरून जाऊ नये’ या वाक्याला जोडून हा ‘ताण निघून गेला’चा दिलासा दिला जातो, तो कृपा करून बंद व्हावा.

आता पाण्याबद्दल, कारण इथेही अर्धवट माहिती फार. शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा तलाव, 1961-62पासून भरू लागला आणि त्यानंतर धक्के जाणवू लागले, हे खरे. पण ‘पाण्याच्या वजनाने जमीन फाटते’ हे खरे नाही. धरणाची उंची 103 मीटर. शंभर मीटर पाण्याचा तळावर दाब होतो चौरस सेंटिमीटरला 10 किलो. सहा किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचाच भार चौरस सेंटिमीटरला 1,600 किलोच्या आसपास असतो. त्यात या दहा किलोंचा थोडाच अंश पोचतो. तेवढ्याने अखंड खडक तुटत नाही. मात्र खाली जो भ्रंश आधीच तुटायच्या बेतात आहे, त्याच्या भेगांमधल्या पाण्याचा दाब थोडा वाढला तरी दोन बाजूंना घट्ट दाबून धरणारे बल तेवढे कमी होते आणि तो सरकतो. तलावातले पाणी स्वतः सहा किलोमीटर खाली उतरायची गरज नसते. भेगांमध्ये पाणी आधीपासून असतेच, वरून फक्त दाब पसरत जातो, आणि त्याला आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून तलाव ऑगस्टमध्ये भरतो आणि धक्के सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये वाढतात. उन्हाळ्याच्या तोंडाला, पाणी उतरत असताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणखी एक लहान हंगाम येतो.

ताण मुळात भारतीय भूपट्टाचा आहे, धरणाचा नाही. त्याचा पुरावा शेजारीच आहे. उजनीची साठवण 117 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या 105हून जास्त, पण तिथे कोयनेसारखी भूकंपमालिका नाही. तिथे पाण्याची खोली कमी, आणि त्याहून महत्त्वाचे, खाली असे ताणलेले भ्रंश नसावेत. उलट सांगली जिल्ह्याच्या सीमेवर चांदोलीला वारणा धरणात 1985पासून पाणी साठू लागले आणि 1993पासून भूकंपांचा मोठा हिस्सा दक्षिणेकडे, वारणा खोऱ्याकडे सरकला. 8 डिसेंबर 1993 आणि 1 फेब्रुवारी 1994 रोजी तिथे पाचच्या पुढचे दोन भूकंप झाले. सगळा पट्टा धरला तरी साधारण 20 किलोमीटर रुंद आणि 30 किलोमीटर लांब. एवढ्याशा जागेत, तलावाशी थेट संबंध असलेली आणि साठ वर्षे न थांबलेली मालिका जगात दुसरीकडे नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधाचे दोन व्यवहार्य निकष मांडले. एक, पाणी आठवड्याला 12 मीटर किंवा त्याहून वेगाने चढले तर पाचच्या पुढच्या भूकंपाची शक्यता वाढते. दोन, पातळीने आधीच्या सर्व वर्षांची कमाल ओलांडली तर ती आणखी वाढते. 1973 साली पातळीने जुनी मर्यादा ओलांडली आणि 17 ऑक्टोबरला 5.2चा धक्का बसला. याला भाकीत म्हणता येणार नाही. निकष पुरे होऊनही काही न घडल्याची वर्षेही आहेत. पण पावसाळ्यात आपण रोज धरणाचा साठा छापताच. त्याच चौकटीत ‘आठवड्यात पातळी इतके मीटर वाढली’ हा एक आकडा वाढवला तर जाणत्या वाचकाला त्याचा उपयोग आहे.

कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची गभीर वेधनछिद्रांवर, म्हणजे जमिनीत खोल घेतलेल्या छिद्रांवर, काम करणारी प्रयोगशाळा आहे. हे वाक्य कराडात कोणाला सांगितले तर दहातले आठ जण आश्चर्य करतात. भूकंप जिथे जन्मतो तिथल्या खडकाच्या शक्य तितके जवळ जाऊन पाहणे, हा या कामाचा गाभा. आधी पट्ट्यात दीड किलोमीटरच्या आसपासची छिद्रे घेतली. रासाटीला 933 मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना कठीण खडक. मधे वाळू-गाळाच्या खडकाचा थर असेल असा अनेकांचा कयास होता, तो निघालाच नाही. मग डिसेंबर 2016 ते जून 2017 या काळात गोठणे इथे तीन किलोमीटरचे प्रायोगिक छिद्र घेतले. तिथे बेसाल्टची जाडी 1,200 मीटरच्या पुढे भरली. भूकंप होतात ते या बेसाल्टमध्ये नव्हे, खालच्या जुन्या कठीण खडकात. छिद्रांमध्ये ग्रॅनाइटपर्यंत नेऊन भूकंपमापक बसवले, त्याचा फायदा साधा पण मोठा आहे. वरच्या केंद्राला गाड्या, पंप, वारा, धरणातून सुटणारे पाणी या सगळ्यांची कंपने ऐकू येतात. खाली तो गोंगाट पोचत नाही. त्यामुळे वर कधीच नोंदले न जाणारे बारीक धक्के सापडतात, त्यांच्या जागा नेमक्या कळतात, आणि हे ठिपके नकाशावर मांडले की भ्रंशाची रेषा दिसू लागते. 1967चा भूकंप साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य गेलेल्या भ्रंशावर, दोन्ही बाजू आडव्या घसरून झाला. वारणेकडची ठेवण याहून वेगळी आणि जास्त तुकड्या-तुकड्यांची आहे.

‘बोअर मारल्यानेच धक्के वाढले’ ही चर्चा गावोगाव आहे. तिला हसण्यावारी नेऊ नये, कारण जमिनीत पाणी कोंबून भूकंप झाल्याची उदाहरणे खरोखर आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला 2006 साली भूऔष्णिक प्रकल्पासाठी साडेअकरा हजार घनमीटर पाणी दाबाने भरले आणि 3.4चा धक्का बसला. दक्षिण कोरियात पोहांगला 2017 साली 5.5चा भूकंप अशाच प्रकल्पाशी जोडला गेला. पण तिथे हेतूच खडक फोडून त्यातून पाणी खेळवण्याचा होता. गोठण्याला तसे नव्हते. ताण मोजण्यासाठी छिद्राचा एक लहानसा तुकडा दोन्हीकडून बंद करून त्यात पाणी दाबतात, बारीक तडा पडतो, दाबाची नोंद होते आणि काम संपते. शिवाय इथली मालिका छिद्रांच्या पन्नास वर्षे आधीची आहे. एवढे स्पष्टीकरण एकदा ठळकपणे छापून आले असते तर ग्रामसभांमधली बरीच वादावादी वाचली असती.

ज्वालामुखीच्या अफवेला मात्र जागा देण्यासारखे काही नाही. सह्याद्रीचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला जन्म देणारा तप्तबिंदू, म्हणजे खोलून लाव्हा वर येण्याची जागा, आज साडेचार हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन. तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडे खोल भेगांतून फिरून आलेल्या पाण्याची आहेत. आणि कोयनेच्या छिद्रांत तापमान किलोमीटरला साधारण 20 अंशांच्या आसपासच वाढते, जे जुन्या थंड खडकाला साजेसेच आहे. एखाद्या डोंगराला भेग पडली, धूर निघाला असे व्हिडिओ पावसाळ्यात फिरतात, तेव्हा बातमी करण्याआधी भूविज्ञानाच्या कोणत्याही प्राध्यापकाला एक फोन करावा. भेग खरी असेल तर धोका ज्वालामुखीचा नसून दरडीचा असतो, आणि जुलै 2021मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी काय केले ते पाटण तालुका विसरलेला नाही.

आता धरण. 1967ला धरणाच्याच गॅलरीत बसवलेल्या उपकरणाने अक्षाच्या दिशेत गुरुत्वाच्या 0.63 पट त्वरण नोंदवले. धरणाचा आराखडा करताना धरलेल्या भूकंपबलाच्या कितीतरी पट हे होते, कारण तेव्हा दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. धरण उभे राहिले, पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांना, म्हणजे धरण ज्या उभ्या ठोकळ्यांचे बनते त्यांना, वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. नेमक्या तिथे, जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. आकारात असा मोड असला की ताण तिथेच एकवटतो. पुढे त्या खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन मजबूत केले, नंतर सांडव्याच्या भागाचेही काम झाले. त्यामुळे तीन-साडेतीनच्या धक्क्यानंतर ‘धरण सुरक्षित’ हे विधान बरोबरच असते. फक्त ते छापून आपण वाचकाला नकळत असे सांगतो की धोक्याची बाब एवढीच होती.

ती एवढीच नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते. कोयना 1967, क्षमता 6.3, पहाटे 4 वाजून 21 मिनिटे, मृत्यू 180च्या आसपास. किल्लारी 30 सप्टेंबर 1993, क्षमता 6.2, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे, मृत्यू आठ हजारांच्या आसपास. दोन्ही उथळ, दोन्ही वेळा माणसे झोपेत. लोकवस्तीचा फरक होताच, पण किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या धाब्याच्या मातीखाली. आपल्याकडे पाऊस धो-धो, म्हणून छप्पर उतरते, कौलांचे किंवा पत्र्याचे. ते हलके आहे, हे आपले नशीब. भिंती मात्र त्याच जातीच्या.

अशी भिंत पडते कशी? दीड-दोन फुटांची दगडी भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन भिंती असतात, एक बाहेरच्या तोंडाची आणि एक आतल्या, मधे चिपा आणि माती. हादऱ्यात मधला भराव खाली बसतो, दोन्ही तोंडांना बाहेर ढकलतो, भिंतीला पोट येते आणि एक तोंड सुटून पडते. मग तुळईचा आधार जातो. याला आळा घालणारी वस्तू म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा आरपार दगड. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी असलेल्या भारतीय मानकात, आयएस 13828मध्ये, असे दगड उभ्यात दर दोन फुटांवर आणि आडव्यात दर चार फुटांवर सांगितले आहेत. भिंतीची जाडी दीड फुटाच्या पुढे नको. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज इथे उलटा पडतो: जाडी वाढली की वजन वाढते, आणि भूकंपाचे बल वजनाच्याच प्रमाणात येते. एवढा लांब दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा ठोकळा आत सळई घालून वापरता येतो. लाकूड चालेल, पण वाळवी लागणार नाही असे.

घर आधीच बांधलेले असेल तर? पाडायची गरज नाही. आतून-बाहेरून नऊ इंच चौरस प्लॅस्टर काढायचे, एक दगड सळईने हळूहळू हलवून मोकळा करायचा. इथे घण मारायचा नाही. शेजारची माती सैल होते आणि चार दगड सोबत येतात. समोरच्या बाजूने तसेच करून मधून तीन इंचांचे आरपार भोक होते, दोन्ही तोंडांना रुंद आणि मधे निमुळते. त्यात आठ मिलिमीटरची सळई, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली, भिंतीच्या जाडीपेक्षा दोन इंच आखूड, म्हणजे काँक्रीटमध्ये ती पूर्ण झाकली जाईल. मग काँक्रीट दाबून भरायचे आणि किमान दहा दिवस पाणी मारायचे. असे टाके भिंतभर मीटरभर अंतराने, वरच्या ओळीतले खालच्यांच्या मधोमध येतील असे. एका दिवसात लागून दोन भोके करायची नाहीत. ज्या भिंतीला आधीच पोट आले आहे तिला आधी टेकू, मग हात. पोट फारच सुटले असेल तर तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचणे हाच उपाय. वरून प्लॅस्टर मारून पोट लपवले तर पुढच्या पाहणीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे पट्टा. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना, आतल्या भिंतींसकट, कमरपट्ट्यासारखा एकसंध फिरणारा. नव्या बांधकामात तो काँक्रीटचा: दोन सळयांचा असेल तर किमान तीन इंच जाड, चार सळयांचा असेल तर सहा इंच, सळयांना वेढणाऱ्या रिंगा सहा इंचांवर. इथे जवळजवळ प्रत्येक गावात तीच चूक दिसते. मिस्त्री दारावर आणि खिडकीवर लिंटेल टाकतो, मधली भिंत मोकळी सोडतो. खर्च वाचतो दोन-तीन सळयांचा, आणि पट्ट्याचा सगळा उपयोगच जातो. दुसरी चूक कोपऱ्यात होते: सळई कोपऱ्याशी येऊन संपते. ती वळून पुढच्या भिंतीत जायला हवी आणि तिथे पुरेशी एकावर एक चढायला हवी, कारण घर उघडते ते आधी कोपऱ्यात. जुन्या घराला वेल्डमेशच्या जाळीचा पट्टा बाहेरून चौफेर देता येतो. भिंत खरवडून, ओली करून, सिमेंट-वाळूच्या एकास तीन मालाचा अर्धा इंचाचा पहिला थर द्यायचा. त्यावर नऊ-दहा इंच रुंदीची जाळी सहा इंची खिळ्यांनी पक्की करायची, जोड एक फूट एकमेकांवर चढवायचा, मग दुसरा थर. जाळी थेट दगडाला ठोकून वरून एकच थर मारला तर जाळीमागे माल जात नाही. दोन पावसाळ्यांत ती गंजते आणि पट्टा सालीसारखा सुटून येतो.

कौलारू घरात आणखी एक जागा कच्ची असते, दोन्ही टोकांची आढ्यापर्यंत गेलेली त्रिकोणी भिंत. तिला वर कोणाचाच आधार नसतो, ती पहिली पडते, आणि बहुतेक वेळा आतल्या बाजूला. पट्ट्याच्या वरचा तो त्रिकोण उतरवून तिथे पत्रा किंवा फळ्या लावाव्यात. एका माणसाच्या दोन दिवसांच्या मजुरीचे काम, आणि सगळ्या उपायांत पैशाला सर्वांत जास्त मोल देणारे. कैच्यांना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांना, खालून आडवे आणि पाखाच्या पातळीत तिरके लाकूड किंवा लोखंडी अँगल जोडले की छप्पर एकत्र हलते, वासे भिंतीला बाहेर रेटत नाहीत.

काँक्रीटचे घर म्हणजे निर्धास्त, असेही नाही. पाटण, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), शिराळ्यात रस्त्याकडेच्या इमारती पाहा. खाली गाळे, पुढे सगळी शटर, भिंत नाही, वर दोन-तीन मजले भिंतींनी भरलेले. हादऱ्यात सगळी हालचाल खालच्या मजल्याच्या खांबांवर येते. ते खांब बहुधा नऊ इंची. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 13920च्या 2016च्या आवृत्तीत, खांबाची किमान बाजू 300 मिलिमीटर म्हणजे एक फूट सांगितली आहे. रिंगांचे अंतर सगळीकडे सरसकट आठ इंच ठेवतात. खांब तुटतो तो तुळईच्या जोडाशी, म्हणून तिथे वर-खाली दीड फुटाच्या टप्प्यात रिंगा जास्तीत जास्त चार इंचांवर हव्यात. रिंगेची टोके काटकोनात वळवून सोडली तर काँक्रीटचे बाहेरचे आवरण गळताच रिंग उघडते. ती आतल्या बाजूला, 135 अंशांत वळवलेली हवी. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी घरमालकाने मोबाइलचा टॉर्च घेऊन खांबाच्या जोडात डोकवावे. रिंगांची टोके आत वळली आहेत की बाहेर, हे पाहायला अभियंता लागत नाही. खाली गाळेच हवे असतील तर निदान मागची आणि बाजूची भिंत पूर्ण ठेवावी, किंवा काही खांबांच्या मधे काँक्रीटची भिंत आराखड्यातच धरून घ्यावी.

डोंगरउतारावरच्या घराचा वेगळा दोष असतो. जागा सपाट करताना अर्धे घर कापलेल्या मुरमावर आणि अर्धे नुकत्या टाकलेल्या भरावावर येते. भराव बसतो, मुरूम बसत नाही, आणि भेग बरोबर घराच्या मधून जाते. ती भूकंपाची समजून पंचनाम्यासाठी अर्ज केले जातात. पाया सगळा कापलेल्या बाजूला सरकवणे, निदान भरावाकडचा पाया पक्क्या थरापर्यंत नेणे, हाच उपाय. सांगली आणि कृष्णाकाठी उलट प्रकार: खडक खोल आणि वर मऊ काळी माती, गाळ. तिथे भूकंपाच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरवर असूनही संथ हेलकावे वाढतात, आणि ते उंच इमारतींना आणि पाण्याच्या टाक्यांना जास्त जाणवतात.

मोबाइलवरच्या इशाऱ्याबद्दल बरेच विचारतात. 2023पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा मिळू लागला आहे. त्याची मर्यादा मात्र कळायला हवी. खडकात पहिली लहर सेकंदाला सहा किलोमीटरने जाते आणि जास्त हानी करणारी दुसरी साडेतीन किलोमीटरने. कोयनानगरपासून पाटण सरळ रेषेत 16 किलोमीटर. दोन लहरींत फरक दोनेक सेकंदांचा. तेवढ्यात यंत्रणेला भूकंप ओळखताही येत नाही. पाटणला इशारा यायच्या आधी हादरा येऊन गेलेला असेल. साताऱ्याला हा फरक पाच सेकंदांचा, सांगलीला तेराएक. पहिली लहर केंद्राजवळच्या फोनांना आधीच कळते, म्हणून सांगलीला इशाऱ्यासाठी पंधरा-वीस सेकंद मिळू शकतात, पण तिथे गरजही तुलनेने कमी. ज्याला सर्वांत जास्त गरज त्याला सर्वांत कमी वेळ, हा भूगोल आहे, तंत्रज्ञानाने तो पूर्ण बदलणार नाही. पाटण-शिराळ्यात मग उपयोगी पडते ती आधीची तयारी: खाट त्रिकोणी भिंतीच्या बाजूला नको, डोक्यावर माळ्यावरचे धान्याचे पोते किंवा जड ट्रंक नको, दार रात्री कडी एका हाताने निघेल असे. दगड-मातीच्या बैठ्या घरात दाराजवळ असाल तर गडगडाट ऐकताच उघड्यावर या. नसाल तर भक्कम पलंगाखाली किंवा त्याला लागून. काँक्रीटच्या वरच्या मजल्यावरून जिन्याकडे पळणे मात्र चुकीचे.

गुच्छाने येणाऱ्या बारीक धक्क्यांवरून चारच्या आसपासचे भूकंप आधी ओळखण्याचे प्रयत्न 2005पासून या पट्ट्यात झाले आहेत आणि छिद्रांतल्या उपकरणांनी ते काम पुढे जाईल. पण ‘अमुक तारखेला मोठा भूकंप’ असे कोणी सांगितले तर ते संशोधन नव्हे, आणि अशा माणसाचे नाव-फोटोसह छापणे तर नकोच.

आपणाकडे मागणी साधी आहे. पुढच्या धक्क्याच्या बातमीत क्षमतेपुढे संस्थेचे नाव, खोली अंदाजे म्हणून, आठवड्यातली पाण्याची चढ किंवा उतार, आणि ‘धरण सुरक्षित’नंतर एक वाक्य: केंद्राजवळच्या गावांतल्या दगडी घरांची पाहणी कोणी, केव्हा केली. पाहणी झालीच नसेल तर तेही छापा. वर्षातून एकदा, 11 डिसेंबरच्या सुमारास, आरपार दगड आणि पट्ट्याची आकृती अर्ध्या पानावर, मापे फूट-इंचांत, मिस्त्रीला कापून भिंतीला चिकटवता येईल अशी दिलीत तर तिची मापे आणि तपशील तपासून देण्याची जबाबदारी आमची.

आपले,
भूविज्ञान व स्थापत्य विषयांचे काही अध्यापक,
कराड, जि. सातारा